मालधक्क्यावरची मोजणी

चहाच्या टपरीवर फारसं न बोलणाऱ्या माणसाजवळ किस्से साचतातच. मी आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून ऐकण्याचंच काम करतो. अकोल्याच्या जुन्या मालधक्क्यावर, कडुनिंबाखाली माझी टपरी आहे. रेल्वेनं ही जागा सोडली आणि इथे ‘लोकांसाठी नवी वस्ती’ असा बोर्ड लागला. तेव्हापासूनचे हे काही किस्से.

रामदासकाकांनी बोर्ड दोनदा वाचला. ते याच धक्क्यावरचे जुने हमाल. मग म्हणाले, “लोकांसाठी म्हणते. कोणत्या लोकांसाठी, ते काहून नाही लिहिलं?”

*

बोर्डावर चित्रही होतं. झाडं, पायवाटा, सायकली. सलीमभाई ऑटोतून उतरून अगदी जवळून पाहत होते.

“कुत्रं आहे, त्याच्या गळ्यात पट्टा आहे. ऑटो एक बी नाही. मंग हे लोक टेसनावरून आले कसे?”

*

या वस्तीच्या कामासाठी अमरावतीहून एक साहेब आले. चहा घेता घेता त्यांनी प्रेमानं विचारलं, “तुम्हाला इथे काय हवं?”

आम्ही सावध झालो. एवढ्या प्रेमानं कोण विचारतं?

काका म्हणाले, “आमाले काही नको साहेब. तुमाले काय पाह्यजे ते सांगा.”

*

मग प्लॅनवाल्या मॅडम आल्या. मला म्हणाल्या, “उद्या लोक कुठे बसतात ते आमची मुलं मोजतील. जिथे लोक जमतात, ती जागा आम्ही तशीच ठेवतो.”

मी ते काकांना सांगितलं.

“अन् तुले खरं वाटलं? बसलेल्याले मोजून राहिले म्हंजे उठवासाठीच.”

मलाही ते पटलं. टपरी गेली तर दुसरी जागा कुठून आणू? दुसऱ्या दिवशी टपरीवर ताडपत्री टाकली आणि आम्ही सगळे धक्क्याच्या टोकाला मुतारीच्या भिंतीआड जाऊन बसलो. सलीमभाईंनी ऑटोही तिकडेच लपवला. काकांनी विटा मांडून बैठक केली. मी थर्मासमधून चहा देत होतो. मोजणारी मुलं मुतारीला आली, आमच्याकडे पाहून हसली आणि गेली.

काही महिन्यांनी नवं चित्र लागलं. कडुनिंबाखाली कार पार्किंग. मुतारीच्या भिंतीला लागून गोल बाकडी, आणि त्यावर लिहिलेलं: ‘लोककट्टा, चहाच्या टपरीसह’.

काकांनी चित्रातल्या कडुनिंबाखालच्या कारवर बोट ठेवलं.

“पाह्य,” मला म्हणाले, “मी म्हणलं होतं ना, आपल्याले उठवतीन म्हणून.”