बाबांनी निवडलेलं कॉलेज

माझ्या मार्कांना नागपुरातली दोन लॉ कॉलेजं मिळत होती. यादीत दोन्ही मागं-पुढंच, फी जवळपास सारखी, अभ्यासक्रम तोच. फॉर्मात पहिल्या नंबरावर कोणतं टाकायचं, एवढाच काय तो प्रश्न. आज कुणी विचारलं तर सांगीन, बाप म्हणतो ते टाका. पण तेव्हा माझं तोंड फार चालायचं.

फॉर्म भरण्याआधी एकदा पाहून घेऊ म्हणून बाबा सोबत आले. अर्जुनीहून पहाटेच्या एसटीनं निघालो. बाबा धान पिकवणारे, सातवीपर्यंत शिकलेले. पण गावात कुणाला हल्या, म्हणजे चिखलणीसाठी रेडा घ्यायचा असला की लोक बाबांना बाजारात घेऊन जात. त्यांची रीत ठरलेली. मालकाशी बोलायचं नाही. लांब बसायचं आणि शेजारचं जनावर अंगाला घासलं की हा काय करतो, ते तासभर पाहायचं. "मालक लबाड बोलते, जनावर नाई बोलत," म्हणायचे.

नागपुरात त्यांनी तेच केलं. पहिल्या कॉलेजात मी आत फिरून आले. काचेची इमारत, मुलांना खटल्यांचा सराव करायला खराखुरा वाटावा असा कोर्टहॉल. बाबा तोवर फाटकासमोर रस्त्यापलीकडे उकिडवे बसलेले. दुसरं कॉलेज जुनाट, पोरं जिन्यावर बसून डबे खात होती. मी पंधरा मिनिटांत बाहेर आले, पण बाबा उठायचं नाव घेईनात.

"चला ना बाबा! कायले बसून राहिले?"

"थांब माय. पोट्टे निंगू दे."

कॉलेज सुटलं, पोरं पांगली, तेव्हा कुठं उठले. म्हणाले, "हे घे. इथले पोट्टे चौकीदाराले काका म्हणून राहिले. तिथं त्याच्याकडं कोणी पाहे बी नाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कॉलेज आहे बाबा ते, हल्या नाही! तुमाले काय समजते त्यातलं?" भर रस्त्यात ओरडले मी. शेजारच्या चहाच्या टपरीवरचे लोक वळून पाहायला लागले. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि म्हणाले, "बरं बाप्पा. तुयं तू पाय."

मी काचेचं कॉलेज टाकलं आणि तेच मिळालं. कॉलेज वाईट नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू.

पहिल्या वर्षी बाबा एकदाच आले. पिशवीत घरचे पोहे आणि आईनं वाळवलेले झिंगे. फाटकावरच्या गार्डनं ओळखपत्र मागितलं आणि आत सोडलं नाही. मी मैत्रिणींसोबत बाहेर आले तर बाबा रस्त्यापलीकडे उन्हात. झिंग्यांच्या वासानं मैत्रिणींनी नाकाला रुमाल लावले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना बाजूला घेऊन म्हटलं, "कॉलेजात नका येत जाऊ. फोन करा, मी येईन." त्यांनी मान हलवली. बाबा एकदा हो म्हणाले की हो, पुन्हा कधी आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी आई त्यांना नागपूरच्या दवाखान्यात आणायची. मी दोनदा गेले. बाकीच्या वेळी कधी परीक्षा, कधी सरावाचा खटला. बाबांचा फोन यायचा तोच गाडीत बसल्यावर. "तू अभ्यास कर, आमी निंगालो." आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटायचं.

धान लोंबीवर होतं तेव्हा बाबा गेले.

तेरवी झाल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "तू भेटे म्हणून तुया बाबाले बरं वाटे. सुई घेतली की म्हणे, तू औषधं घे, मी पोरीच्या कॉलेजात जाऊन येतो. तो चौकीदार लय भला माणूस म्हणे, बसाले खुर्ची देते."

माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. आमच्या कॉलेजचा गार्ड कुणाला खुर्ची देणारा नव्हता. आणि सुई घेतल्यावर बाबा मला भेटायला एकदाही आले नव्हते.

नागपूरला परतले त्याच दिवशी त्या दुसऱ्या कॉलेजात गेले. दवाखान्यापासून ते दहा मिनिटांच्या वाटेवर आहे, हे मला तोवर माहीतही नव्हतं. म्हातारा चौकीदार फाटकात होता. मी बाबांचं वर्णन केलं. उंच, खांद्यावर दुपट्टा, डोक्यावरचे केस गेलेले.

"अरे, धानवाले बाबा! त्यांची पोरगी इथंच शिकते ना," तो म्हणाला. "सुट्टी होईपर्यंत बसत. एकेका पोरीकडे पाहत. सगळे गेले की म्हणत, आज तिचा जास्तीचा तास असन, जाऊ द्या. लय दिवसांत दिसले नाहीत. कसे आहेत?"

"गेले," मी म्हटलं.

केबिनमधून प्लास्टिकची खुर्ची आणून त्यानं भिंतीच्या सावलीत ठेवली. "इथंच बसत ते," म्हणाला. मी बसले. हल्याची पारख माझ्या बापाला होती, माणसांचीही होती, आणि मला म्हणे वकील व्हायचं होतं!

"तूच का ती पोरगी?"

मी मान हलवली.

"कोणत्या वर्षाला?"

"दुसऱ्या."

कॉलेज सुटलं. पोरं जिन्यावरून उतरायला लागली. "येतो काका, येतो काका," एकेक जण म्हणत होता. चौकीदारानं त्यांना हात केला आणि माझ्याकडे वळून, रागानं नव्हे, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "मंग पोरी, तू काऊन नाही आली कधी बाहेर?"