सुतकातला सूर

परवा नातवानं मोबाईलवर एक परदेशी वाद्य ऐकवलं. हॅमंड ऑर्गन म्हणे, विजेवर चालतो. गाणं मला कळलं नाही, पण त्याचा सूर लांबत जायचा आणि थरथरायचा. तो ऐकता ऐकता मला होटगीची रेल्वे क्वार्टर आठवली.

आमची सहा वर्षांची सुमन तापानं गेली, त्याचा तिसरा दिवस होता. आमचे मालक भजनात पेटी वाजवायचे. सुतकात पेटीला हात लावत नाहीत, म्हणून मी ती फडक्यात बांधून ठेवली होती. दुपारी बघते तर त्यांनी गाठ सोडलेली. एक बोट पट्टीवर होतं. भात्यावरचा हात कापत होता, म्हणून सूरही कापत होता.

"सुतक हाय घरात. ठिवा ती पेटी," मी म्हणाले.

"गाणं न्हाय वाजवत. एकच सूर धरलाय."

"सूर बी नको. शेजारची काय म्हणतील?"

मी भाता दाबून बंद केला. ते बाहेर जाऊन बसले.

पोर गेली तरी बाप रडला नाही, असं मी पुढं कैक वर्षं सगळ्यांना सांगत आले. ते रडत होते. मीच त्यांना गप्प केलं.