खिडकी बंद, कॉल चालूच

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळं मलाच कळतं, असा माझा तोरा होता. नव्या रायपूरला ऑफिसात दिवसभर त्याच्याचसमोर बसते, घरचं वीजबिल मीच भरते, बिघडलेला प्रिंटर मीच हाणून सुरू करते. म्हणून त्या रविवारी जे झालं ते नेमकं माझ्याच हातून झालं, याची आईला अजून भारी मजा वाटते.

वऱ्हाडातलं स्थळ आलं होतं. मुलगा नागपूरला नोकरीला, आईसोबत राहतो. आधी व्हिडिओ कॉलवर बोलू, मग भेटू, असं ठरलं. आईला मोबाइल नको होता. "त्यात थोबाड चपटं दिसते तुझं," म्हणे. दादा बंगलोरला जाताना त्याचा मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर इथंच ठेवून गेलाय. तोच पुसूनबिसून दिवाणखान्यात मांडला, सोफ्यावर इथल्या पंडरीच्या कापडबाजारातून आणलेली नवी कव्हरं घातली आणि आम्ही तिघं ओळीनं बसलो.

कॉल छान झाला. बाबांनी तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीची सगळी कहाणी सुरू केली, तरी मुलानं जांभई दिली नाही. तिथंच तो मला आवडला, खोटं कशाला सांगू. शेवटी दोन्हीकडून हात जोडले गेले, "बरं, ठेवतो मग" झालं, आणि मी पडद्यावरच्या कॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातला लाल ठिपका दाबला. खिडकी गेली. दादानं लावलेला डोंगराचा फोटो समोर आला.

"गेले?" आईनं विचारलं.

"गेले."

"मग ऐक. साक्षगंध होईस्तोवर शुगरचा श शब्द काढायचा नाही तोंडातून."

मला बारा वर्षांची असल्यापासून शुगर आहे. दर जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाते, दार लोटते, टोचते आणि हसत बाहेर येते. आईलाही बोल लावता येत नाही. आधीच्या स्थळाला आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि आठवड्याच्या आत 'पत्रिका जुळत नाही' म्हणून निरोप आला. आपल्याकडे नाही म्हणायचं असलं की सगळे बिचाऱ्या पत्रिकेच्याच मागे लपतात.

पण त्या दिवशी माझं डोकंच सटकलं. "म्हणजे लग्न झाल्यावरही मी चोरासारखी दार लावून टोचत बसू? काहून? कोणाचा खून केलाय काय मी?"

"हळू बोल. खाली ऐकू जाते."

"जाऊ दे! सांगायचं नसेल तर मले हे लग्नच नाही करायचं."

बाबा एरवी अशा वेळी पेपर उघडतात. त्या दिवशी म्हणाले, "पोट्टी बरोबर बोलून राहिली." झालं, आईच्या डोळ्यांना धार लागली. "मले काय हौस आहे लपवायची? पुन्हा पत्रिका आडवी आली म्हणजे?"

तेवढ्यात कॉम्प्युटर खोकला.

"अवो ताई," मुलाच्या आईचा आवाज आला, "आम्ही अजून इथंच आहो."

आईनं पदर तोंडात कोंबला. "तू तर बंद केलं होतं न!" ती डोळ्यांनीच ओरडली. मी केलं होतं की! ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर खिडकी बंद केली की आमचा कॉल संपतो. दादाचा हा नग वेगळा. त्यावर लाल ठिपक्यानं फक्त खिडकी मिटते, मागे ॲप आपलं चालूच राहतं. ते वरच्या मेनूत जाऊन वेगळं बंद करावं लागतं. कॅमेऱ्याजवळचा हिरवा दिवा सुखात जळत होता आणि आम्हा तिघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

मी खालच्या पट्टीतलं चित्र दाबलं. खिडकी परत आली. मायलेक तसेच बसलेले. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"मी याला बंद कर म्हणून राहिली होती," त्या म्हणाल्या, "हा हातच लावेना. आता ऐकलंच आहे, तर बोलते. मला विचार करावा लागेल, ताई. पण नाही म्हणायचं झालं तर तसंच सांगीन. पत्रिका आम्ही बघतच नाही."

बाबांना हसू फुटलं. मग मुलगा माझ्याकडे बघून बोलला, "जेवणाआधी घ्यावं लागतं ना? एक वाजला. घेऊन घ्या, आम्ही थांबतो."

मी सवयीनं उठले. आईनं माझा हात धरून खाली बसवलं, स्वतः आत गेली आणि इन्सुलिनचा पेन आणून माझ्या हातात दिला. मी तिथंच, त्या नव्या कव्हरांवर बसून टोचून घेतलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं इतकं हलकं वाटलं की भूकही सपाटून लागली.

निरोप घेतल्यावर मी मेनूत जाऊन ॲप नीट बंद केलं. तरी आई संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरसमोर आमच्याशी कुजबुजतच बोलत होती.

बुधवारी आईचा फोन वाजला. ते लोक पुढच्या रविवारी रायपूरला येणार होते, आणि पोरीला जेवायला काय काय चालते, असं त्यांनी विचारलं होतं. आई फोन घेऊन गॅलरीत गेली, आणि गल्लीतल्या गाड्यांच्या वर आवाज चढवून म्हणाली, "सगळं चालते वो! फक्त जेवणाआधी सुई घ्यावी लागते तिले!"