जव्हारला समुद्र

कल्याणच्या एसटी स्टँडवर मी पृथ्वी कडेवर घेऊन उभी होते आणि येणारा-जाणारा हसत होता. हसू दे! चांगला फूटभर रुंदीचा पृथ्वीगोल पिशवीत मावेना, त्याला मी काय करू? निवृत्त झाले तरी भूगोलाची बाई ती भूगोलाचीच बाई.

निघाले होते वनिताकडे. माळशेज घाटाच्या पायथ्याशी वैशाखरे आहे, तिथून आत एका पाड्यावर (वस्तीवर) ती राहते. वय तेवीस, शिक्षण बी.ए., ओळख एका शिबिरातली. शहापूरला एक संस्था शाळकरी मुलांसाठी नकाशाघर उघडत होती आणि मुलांना नकाशे, पृथ्वीगोल समजावून सांगायला त्यांना एक माणूस हवं होतं. रविवारी मुलांसमोर एक धडा घ्यायचा. जमला तर नोकरी, नाही जमला तर वनिता भिवंडीच्या गोदामात खोकी बांधायला जाणार होती. "बाई, एक दिस येऊन शिकवून जावा ना," असं ती फोनवर म्हणाली आणि शनिवारी सकाळी मी निघाले.

मुरबाडला गाडी बदलली. जवळच्या म्हसा गावची जत्रा नुकतीच संपली होती. गाडीत दोघा-तिघांच्या मांडीवर नव्या घोंगड्या होत्या. सरळगावच्या पुढे एक म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि माझा गोल त्याच्या लाकडी स्टँडमधून निसटून घरंगळत पुढे गेला.

"बाई, तुमची पृथ्वी ड्रायव्हरच्या पायाशी गेली!" कंडक्टर ओरडला. अख्खी गाडी खदखदली.

एका आजोबांनी गोल उचलून धोतराने पुसला. "ह्यात मुरबाड कुठं हाय?" मी बोट टेकवलं. "एवढंच? मुंगीपरीस बारीक!" ते बिचारे हिरमुसले. स्टँडचे मात्र दोन तुकडे झाले होते. ड्रायव्हरला मी मनातल्या मनात चार शेलक्या शिव्या हासडल्या.

वैशाखऱ्याला उतरले तेव्हा समोर घाटाची भिंत उभी होती, इतकी जवळ की मान मागे टाकावी लागली. वनिता रस्त्यावरच थांबली होती. घरी तिच्या आयेने (आईने) नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. "खावा बाई, लाजू नका," म्हणाली. लाजते कसली, तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवणानंतर मी जगाचा नकाशा पुढे केला. "मांड." वनिताने तो सारवलेल्या ओटीवर (घरापुढच्या जागेवर) अंथरला, जरा फिरवला आणि नकाशाचा माथा नीट घाटाकडे केला.

"काश्मीर कुठं?"

तिने सरळ माळशेजकडे हात केला. माझा पारा चढला. "अगं, घाट पूर्वेला आहे! काश्मीर काय जुन्नरला ठेवलंस?"

"पण बाई, माथा डोंगराकडंच करायचा ना? आमी लहानपणापासून तसाच करतो."

इकडे सगळी दुनिया उतारावर मोजतात. घाट वरच्या अंगाला, दर्या खालच्या अंगाला. रस्ता विचारला तर डावं-उजवं कुणी सांगतच नाही. मला हे कळत होतं, पण उद्याची धास्ती होती. "ही चूक उद्या केलीस तर संपलं," मी फटकारलं. "नकाशा भिंतीवर टांग, माथ्याला उत्तर, पाठ कर!"

"पोरं बी हीच चूक करतील, बाई."

"मग दुरुस्त कर त्यांना!"

तिने नकाशाची गुंडाळी करून बाजूला ठेवली. मला वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत कुठे येतो?

रविवारी सकाळी जीपने निघालो. सापगावच्या पुलावर वनिता खिडकीतून भातसा नदीचं पाणी बघत राहिली आणि स्वतःशीच हसली. "काय गं?" म्हटलं तर म्हणे, "काय नाय."

नकाशाघराच्या अंगणात डोळखांबकडच्या पाड्यांवरची वीसेक मुलं बसली होती. परीक्षक दोघे. त्यातले चष्मेवाले गृहस्थ सारखे घड्याळ बघत होते. वनिताने भिंतीवरचा नकाशा चक्क खाली काढला आणि मुलांना म्हणाली, "मांडा रे." मुलांनी बरोब्बर माथा घाटाकडे केला. चष्मेवाल्यांनी कपाळाला आठी घातली.

"बरं. भातसाचं पाणी कुठं जातं?" वनिताने विचारलं.

"खाली! वसईकडं, दर्याला!"

"मग नकाशात मुंबईचा समुद्र बघा. तुमी तो कुठल्या बाजूला ठेवलाय?"

मुलांनी बोटं केली, मान वळवून पाहिलं. एक मुलगी किंचाळलीच, "ताय, जव्हारकडं!"

"डोंगरातल्या जव्हारला समुद्र हाय का गो?"

हशा पिकला. आणि कुणी न सांगता वीस जणांनी चारी बाजूंनी कागद धरून फिरवला. समुद्र वसईकडे गेला, बंगाल उगवत्या उन्हाकडे गेला आणि माथा आपसूक जव्हारच्या अंगाला आला. "हीच उत्तर," वनिता म्हणाली. अहो, मला टाळी वाजवावीशी वाटली!

मग तिने बिनस्टँडचा गोल तळहातांवर घेतला. मघाचीच मुलगी म्हणाली, "ताय, गोलाच्या खालती राहतात ती माणसं पडत नाय?"

हा प्रश्न मला तीस वर्षं दरसाल आला आणि दरसाल मी गुरुत्वाकर्षणाची व्याख्या फळ्यावर लिहिली.

वनिता म्हणाली, "पडायला उतार लागतो. पृथ्वीचा उतार तिच्या पोटाकडं हाय, मधोमध. त्यांचा बी तिकडं, आपला बी तिकडंच. मग कोण कुठं पडंल?"

मुलगी पायाखालच्या जमिनीकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा उजळला. चष्मेवाले खुर्चीतून उठून पुढे येऊन मुलांत बसले होते. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "उद्यापासूनच या."

वनिताने आयेला फोन लावला. मला कुठला धीर! तिच्या हातातला फोन घेऊन मीच ओरडले, "आई, पोरीने मैदान मारलं!"

घरी आले ती चप्पल काढायच्या आधीच दिवाणखान्यातला जगाचा नकाशा भिंतीवरून उतरवला. परतीच्या वाटेवर सारखी लाज वाटत होती. किती पोरांच्या चुका मी लाल शाईने खोडल्या, त्यांनी तसं का मांडलं हे एकदाही विचारलं नाही. पण खरं सांगते, लाजेपेक्षा आनंद दुप्पट होता.

"काय गं, आल्या आल्या काय मांडलंयस?" आमचे हे चहाचा कप घेऊन आले.

"अहो, पाय काढा, आफ्रिकेवर उभे आहात! बसा खाली. उत्तर कशी शोधायची ते दाखवते. मला आजच शिकवलंय, वनिता मॅडमनी."