फोन न करता गेलो, आणि जाणारच

ब्राझीलमध्ये समुद्रापासून लांब, आतल्या एका छोट्या शहरात मी चौदा महिने राहिलो. भाषा क्लासशिवाय शिकलो आणि तिथली रीतही. फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, दोन नाही, तीन. घरचे बाहेर येतात, कॉफी पाजतात. जाण्याआधी कुणी विचारत नाही.

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, काकू गेल्यापासून जोशीकाकांना सगळे मेसेज करतात, "येऊ का?" काका कळवतात, "नको."

आज सकाळी मी सरळ त्यांच्या दारात टाळ्या वाजवल्या. त्यांची मुलगी वैतागली. "दादा, टेक्स्ट तरी करायचा ना!"

मागून काका आले. "बस रे. मी नको म्हटलं, तर खरंच कुणी आलं नाही!"

मॅनर्स नाहीत म्हणा मला, चालेल. उद्याही न विचारता जाणार. तुम्ही कुणाच्या "नको"वर विश्वास ठेवून घरी बसलाय?