माज्या नावचा तांदूळ

बेळगावच्या वडगावातनं निघाले तवा अकरा म्हैन्याची तनू काखेत झोपलेली आणि छातीशी पिशवीत कागदं. दर चार पावलाला पिशवी चाचपत होते, पडली तर सगळंच गेलं. आमचे दोन्ही माग बंद पडलेत. सुरतेची साडी निम्म्या भावात येती, तुमची कोण घेणार, म्हणून शेठनं सूत द्यायचंच थांबवलं. आता रेशनचा तांदूळ तेवढा खरा, पण सासरच्या कार्डात माजं नाव न्हाय, तनूचं पण न्हाय. हाफिसात म्हणाले, तुजं नाव अजून म्हायेरच्या कार्डात हाय, निपाणीला जाऊन ते काढ, दाखला आण, मग दोघींचं मिळून चढवू. लगीन होऊन तीन वर्सं झाली, नाव तिथंच ऱ्हायलं, कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. असं मला वाटलं.

स्टँडवर कोल्हापूरची पाटी दिसली, निपाणीवरनंच जाणार की, म्हणून घाईत चढले. कंडक्टर आला. मी आधार कार्ड पुढं केलं.

"आक्का, ही महाराष्ट्राची गाडी. इथं निपाणीपतोर तिकीट पडंल. फुकट ते कर्नाटकच्या गाडीत."

"मला ठावं न्हवतं अण्णा! उतरवा, उतरवा की!"

"अगं आरडू नको, पोरगी उठंल. काकतीला सोडतो."

काकतीला हायवेच्या कडंला उभी ऱ्हायले. ट्रक असे जायचे की पदर उडून तोंडावर यायचा, तनूला दोन्ही हातांनी आवळून धरलं. मग कर्नाटकची गाडी आली. "एल्लिगे?" (कुठं?) म्हणून कंडक्टरनं इचारलं, शून्याचं तिकीट हातात दिलं, तवा कुठं श्वास घेतला.

शेजारी टिळकवाडीचे एक सर बसलेले, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत्यात म्हणाले. संकेश्वरपतोर खिडकीतनं ऊसच ऊस. "खायाचं काय लावत्यात का न्हाय हितं?" मी आपली बोलून गेले.

सर हसले. "ज्याला जे परवडतं ते त्यानं करावं, बाकीचं विकत आणावं. जगाचा व्यापार असाच चालतो बाई. आपला तांदूळ नाही का जहाजं भरून परदेशी जात?"

"मग सुरतेला साडी परवडती."

"बरोबर."

"आणि वडगावाला काय परवडतं, सर?"

 सरांनी पिशवीतनं बिस्किटाचा पुडा काढून तनूच्या हातात दिला. तिनं कागदासकट चावला.

तवंदी घाट उतरला आणि नाकात तंबाखू शिरली. तनू शिंकाय लागली. मी ह्याच वासात वाढले, मला कधी शिंक आली न्हाय. आई दारात बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं विडी वळत्यात आणि नजर रस्त्यावर. बाबा गेल्यापास्नं एकटीच असती. विड्यांचं काम आता आठवड्यातनं तीनच दिस मिळतं म्हणाली. पोरं विडी ओढीनात, सिगारेट ओढत्यात.

तिनं भात वाढला, वर पातळ आमटी. मी दोन घास खाल्ले आणि कशापायी आले ते सांगितलं. आईनं भातावर आणखी आमटी ओतली.

"खा. तुज्याच नावचा हाय."

घास हातातच ऱ्हायला.

"मला ठावं हुतं गं. दुकानदार इचारायचा, लेक कुठाय? मी म्हणायची, हाय की, घरातच हाय. तीन वर्सं खोटं बोलले."

"मग न्हाय काढत मी. जाते परत."

"गप बस, शानी! पोरीचं मनगाट बघ आधी."

हात धुवून तीच पुढं निघाली. हाफिसात कार्ड तिच्या नावचं, म्हणून अंगठा तिचा लागत हुता. मशीन घेईना. विड्या वळून वळून रेघाच ऱ्हायल्या न्हाईत. तिनं पदराला घासला, परत दाबला, परत घासला. मी मनात म्हणत हुते, नको घेऊस, नको घेऊस. चौथ्यांदा घेतला.

"आज्जी, आता तुमचा एकटीचाच तांदूळ," क्लार्क म्हणाला. आणि मला, "तिकडं कधी चढवतील ते मला इचारू नका."

निघताना आईनं फडक्यात तांदूळ बांधून दिला. माज्या नावचा शेवटचा. गाडीत तो मांडीवर आणि तनू काखेत, घाट चढेपतोर मी मागं बघितलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन बेळगावच्या हाफिसात गेले. खिडकीतला म्हणाला, नवी नावं घ्यायचं बंद हाय, साइट उघडली की ये. कधी उघडंल? "नाळे बा" (उद्या ये). तवापास्नं किती उद्या झाले. सर म्हणाले तशी जहाजं जात असतील. माज्या नावचा तांदूळ मातुर निपाणीतनं निघाला आणि बेळगावला पोचलाच न्हाय.

काल शेजारणीच्या फोनवरनं आईचा फोन आला.

"तनूला मिळतोय न्हवं गं तांदूळ?"

फडक्यातला शेवटचा मूठभर चुलीवर शिजत हुता.

"व्हय आई. मिळतोय."

"मऊ करून घाल."

"व्हय."