ठिणगीचं पॅराशूट

आमच्या घरात जेवायचं टेबल आहे, पण त्यावर जेवायची सोय नाही. निम्म्यावर माझं शिवणाचं मशीन, निम्म्यावर दादाच्या गाड्या. मी रोज बोलते, तो रोज ऐकून घेतो, आणि शेवटी आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, त्यावर हा मेणात एकेक दात बसवतो आणि मग पक्की कवळी करून देतो. गावातली निम्मी म्हातारी माणसं याच्या दातांनी हसतात. पण याचा जीव अडकलाय तो शर्यतीच्या गाड्यांत. त्याही वळणंबिळणं घेणाऱ्या नव्हेत. सरळ रस्ता, पाव मैल, दोन गाड्या शेजारी शेजारी, हिरवा दिवा लागला की सुटायचं. आठ-दहा सेकंदांत खेळ खलास. त्या गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती हा करतो, खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढ्या, वीतभर लांबीच्या.

"दहा सेकंदांच्या गाडीला दहा महिने!" मी म्हणते. "एवढ्यात माणूस चालत पोचला असता."

तो हसतो आणि भिंग डोळ्याला लावतो. इंजेक्शनच्या सुया कापून तो इंधनाच्या नळ्या करतो. जुन्या टेलिफोनच्या वायरीतली केसासारखी तार काढून इंजिनाच्या आठही प्लगना जोडतो, आणि तीही कुठली कुठे जाते त्याच क्रमाने. मग वर झाकण लावून टाकतो. आता हे कोण बघणार आहे, विचारलं तर म्हणतो, "मला ठाऊक असतं ना आत काय आहे ते." कपाळ!

चाळीस वर्षांत एक्केचाळीस गाड्या झाल्या. एकच केली नाही. ठिणगी.

ठिणगी ही मेस्त्रींची गाडी. मेस्त्रींचं गॅरेज होतं, आमच्या गल्लीच्या टोकाला. भंगारातून आणलेलं इंजिन, स्वतः वेल्डिंग करून जोडलेला सांगाडा, वर नारिंगी रंग. गावाबाहेर एक बंद पडलेली विमानांची धावपट्टी होती, तिथे महिन्यातून एका रविवारी शर्यती व्हायच्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, दादा चोवीसचा, नुकता दातांच्या लॅबमध्ये लागलेला. काय दिवस होते ते! इंधनाच्या वासाने डोळे झोंबायचे, रबर जळून पांढऱ्या धुराचे लोट उठायचे, गाडी सुटली की छातीत धडधड व्हायची. कर्ण्यावरून ओरडणाऱ्या माणसाचा घसा बसायचा आणि आमचाही. मी घरी खोटं सांगून जायचे, आणि अंगाला येणाऱ्या वासाने दर वेळी पकडली जायचे.

मेस्त्रींचा एक दंडक होता. ज्याचं काम त्यानेच करायचं, दुसऱ्याने बोट लावायचं नाही. इंजिन त्यांच्या मेव्हण्याचं, टायर एका ट्रक ड्रायव्हरचे, बसायची जागा आणि तिथले सगळे दांडे खुद्द मेस्त्रींचे. दादाकडे पॅराशूट. कारण ही गाडी नुसत्या ब्रेकने थांबत नाही. शर्यतीची शेवटची रेघ ओलांडली की चालवणाऱ्याने दांडा ओढायचा, त्याच्या तारेने मागच्या पिशवीची खीळ निघते, पॅराशूट उघडतं आणि गाडीला मागे खेचून धरतं. ते घडी घालून पिशवीत भरायचं काम दादाचं. घरी पलंगावर पसरून सराव करायचा. आई म्हणायची, "अंथरुणाची घडी कधी घातली नाहीस मेल्या, आणि ह्याची घालतोस!" मेस्त्रींनी त्याचं नाव ठेवलं होतं 'कवळी'. "कवळीने बांधलंय म्हणजे बिनघोर," असं चारचौघांत सांगायचे. दादाची मान ताठ व्हायची.

शेवटच्या रविवारी पॅराशूट उघडलं नाही. मी डोळ्यांनी बघितलं. ठिणगी रेघ ओलांडून गेली, जातच राहिली, पट्टी संपली तशी खड्ड्यात उतरून तीनदा उलटली. मेस्त्री वाचले, पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला. गाडीचा चुराडा झाला, त्यात कसली तार आणि कसलं काय सापडणार. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "घडी चुकली असणार." बस, तेवढंच. दादाने ते ऐकलं.

तो हॉस्पिटलात गेला नाही. दारापर्यंत जाऊन दोनदा परत आला. पुढे मेस्त्री गॅरेज विकून गाव सोडून गेले. दादा धावपट्टीकडे फिरकला नाही, साधी स्कूटरसुद्धा कधी चालवली नाही. ठरत आलेलं लग्न मोडलं, तेही यानेच. मला वाटायचं, माणूस तिरसट आहे, दुसरं काय.

गेल्या वर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्याच्या गाड्यांचं प्रदर्शन लावलं होतं. एक बाई सगळी टेबलं फिरून आली आणि म्हणाली, "काका, यात ठिणगी नाही का?" ती मेस्त्रींची मुलगी. पर्समधून फोटो काढला, त्या शेवटच्या सकाळचा. "बाबा ब्याऐंशीचे आहेत. तुमच्याबद्दल पेपरात आलेलं मीच त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, कवळीला सांग, माझी गाडी कर. त्या दिवशी होती तशीच कर."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तरी हो म्हणाला.

आठ महिने घर म्हणजे स्मशान. तो बोलेना, मी बोललेलं त्याला ऐकू येईना. गाडी झाली, नारिंगी रंग चढला, आणि पॅराशूटचं काम माझ्या गळ्यात आलं. सुई-दोरा त्याला कधी जमला नाही. पापुद्र्यासारखं पातळ रेशीम, रुमालाएवढं, त्याला चोवीस दोऱ्या. मी शिवलं. त्याने घडी घातली, उलगडली, म्हणाला, "पुन्हा." असं सहा वेळा. सातव्या वेळी मी कात्री आपटली.

"दादा, हे पिशवीत जाणार आहे! कोणाच्या बापाला दिसणार नाही!"

"उघडायला हवं गं," तो म्हणाला.

"वीतभर गाडीला कशाला उघडायचंय? ती कुठे धावणार आहे?"

त्यावर त्याने तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघूनच सांगितलं सगळं. घडी त्याची चुकली, मेस्त्रींचा पाय त्याने घालवला. चाळीस वर्षं रोज झोपताना ती घडी तो मनातल्या मनात घालतो आणि कुठे चुकलं ते सापडत नाही. "मेस्त्रींना विचारणार आहे," म्हणाला. "ते म्हणतील ते ऐकून घेणार. शिव्या घातल्या तरी."

एवढी वर्षं एका टेबलावर बसलो आणि या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही. मी आठवं पॅराशूट शिवायला घेतलं.

मुलीच्या घरी मेस्त्री खिडकीशी खुर्चीत बसले होते. वाळून गेले होते, पण आवाज तोच. "ये रे कवळी. म्हातारा झालास की."

दादाने खोका उघडून गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली. मेस्त्रींनी कितीतरी वेळ नुसती बघितली. दारावरच्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग चष्मा कपाळावर सरकवला, दादाचं भिंग मागून घेतलं आणि चालकाच्या सीटपाशी डोळा नेला. तो काचेसारखा पातळ दांडा, त्याला अडकवलेली तार.

दादा उभाच होता. म्हणाला, "मेस्त्री, एक विचारायचंय. त्या दिवशी माझी घडी..."

"ही तार चुकली," मेस्त्री म्हणाले.

"काय?"

"त्या दिवसाची गाडी कर म्हणालो होतो मी. त्या दिवशी ही तार दांड्याला नव्हती." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सकाळी सीट पुढे घ्यायची म्हणून मीच सोडवली. मागाहून लावू म्हटलं. तेवढ्यात कर्ण्यावर नाव पुकारलं आणि मी बसलो. रेघेपुढे दांडा ओढला, तर नुसता हातात आला. तेव्हाच कळलं मला."

मुलगी दारात उभी होती, तिलाही हे नवीन होतं.

"लोक घडी म्हणाले. मी म्हटलं, बरा झालो की सांगू," मेस्त्री म्हणाले. "तू आला नाहीस. मग एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. ज्याचं काम त्यानेच करायचं म्हणून तुम्हाला सांगणारा मी, आणि माझंच काम अर्धवट सोडलेलं. कुठल्या तोंडाने बोलणार होतो?"

माझा तोल गेला. "चाळीस वर्षं, मेस्त्री!" मी ओरडले. "याने लग्न केलं नाही, साधं सायकलवर बसला नाही! एक पत्र टाकायला काय झालं होतं तुम्हाला? पाय गेला होता, हात तर होते ना!"

"बाई, तुमचं खरं आहे," ते म्हणाले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मला आणखी बरंच बोलायचं होतं.

दादा पुढे झाला. वाकून त्यांच्या पायांना हात लावला, खऱ्यालाही आणि लाकडीलाही, आणि बाहेर पडला. गाडी तिथेच राहिली. मी चप्पल शोधून त्याच्यामागे धावले. तो रस्त्याच्या कडेला, बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. चौसष्ट वर्षांचा माणूस, आणि हमसून हमसून रडत होता. येणारे जाणारे बघत होते. मी शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला.

"बरोबर होती गं," तो म्हणाला. "माझी घडी बरोबर होती."